थांबण्याची सिद्धता
वर्धा जिल्ह्यातील नैसर्गिक आपत्ती आणि कुटुंबाची पूर्वतयारी

इंद्राच्या कोपाने व्रजभूमीवर सात दिवस मुसळधार पर्जन्य कोसळला आणि भगवान श्रीकृष्णांनी गोवर्धन पर्वत करांगुलीवर उचलून गोकुळाचे रक्षण केले, ही कथा प्रत्येक भाविकास बालपणापासून परिचित आहे. मात्र या कथेतील दोन तपशिलांकडे सहसा लक्ष जात नाही. पर्वत देवाने उचलला, पण त्याखाली गोकुळवासी स्वतः चालत आले. येताना गुरे-वासरे, गाडे आणि घरातील चीजवस्तू बरोबर घेऊन आले. हा पहिला तपशील. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. पाऊस उघडताच कोणी घराकडे धाव घेतली नाही. वारा-पाऊस शमला आहे, नद्यांचे पाणीही ओसरले आहे, आता बाहेर या, असे भगवंतांनी सांगितले, तेव्हाच सर्वजण बाहेर पडले. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात हे वर्णन आहे.

पाऊस थांबणे आणि पाणी ओसरणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे भागवतकारांनी जाणले होते. वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात जे जीव जातात त्यांतील कित्येक या दोन घटनांमधील काही तासांत जातात. प्रस्तुत लेखाचा विषय हे काही तास हा आहे. ते घरात, शाळेत, देवळात वा परक्या गावच्या ओसरीवर निभावून नेता यावेत, यासाठी कुटुंबाने आधी काय करून ठेवावे, याचा येथे विचार केला आहे.

जिल्ह्याचे पाणी

सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा नदी जिल्ह्याची पश्चिम सीमा आखीत वाहते. आष्टी, आर्वी, देवळी व हिंगणघाट हे तालुके तिच्या काठाने आहेत. पलीकडे अमरावती व यवतमाळ जिल्हे लागतात. रुक्मिणीमातेचे माहेर असलेले कौंडण्यपूर याच नदीच्या पैलतीरी आहे. जिल्ह्याच्या आतून धाम, बोर, यशोदा आणि पूर्वेकडून वणा (वेणा) या नद्या येतात. त्यांना मिळणाऱ्या नाल्यांची तर गणतीच नाही. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा भीतिदायक वाटत नाही. परंतु तो चार महिन्यांत विभागून न पडता पुष्कळदा चार-दोन झडींत पडतो आणि काळी जमीन एकदा तुडुंब प्याली की पुढचे सारे पाणी नाल्यात जाते. महसूल खाते २४ तासांत ६५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पावसास अतिवृष्टी म्हणते. असा पाऊस येथे अपवादात्मक राहिलेला नाही. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांत नदी-नाल्यांच्या पुराने घरे, पिके आणि शेतातील सुपीक मातीची मोठी हानी केली.

वर्धा नदीच्या इतिहासातील सर्वांत दुःखद दिवस ३० जुलै १९९१ हा होय. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात, नदीच्या अगदी काठावर वसलेल्या मोवाड या जुन्या गावात त्या दिवशी महापूर शिरला आणि २०४ जणांनी प्राण गमावले. मोवाड आपल्या जिल्ह्यात नाही, परंतु तेथून खाली वाहत येणारी नदी आपलीच आहे. ज्यांची घरे काठालगत आहेत, त्यांनी गावातील वृद्धांस त्या वर्षी पाणी कोठवर आले होते हे विचारून ठेवावे. ज्या देवळाच्या पायरीपर्यंत वा पाराच्या ओट्यापर्यंत तेव्हा पाणी आले, ती खूण आजही उपयोगाची आहे.

आता नदीवर धरणे आहेत. मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणास १३ दरवाजे आहेत. आर्वी तालुक्यात धनोडी येथील निम्न वर्धा धरणास ३१ दरवाजे आहेत. वणा नदीवर नागपूर जिल्ह्यात वडगाव धरण आहे. धरणांमुळे पुराचा वेग आटोक्यात राहतो, परंतु धरण भरल्यावर विसर्ग करावाच लागतो. त्या वेळी हिंगणघाटात ऊन पडलेले असूनही वणेस पूर येऊ शकतो. विसर्गापूर्वी गावोगावी सूचना दिली जाते. ‘दरवर्षीच सांगतात’ असे म्हणून ती कानाआड करण्याची सवय काठच्या गावांत आढळते. ही सवय घातक आहे.

रपट्यावरचे पाणी

मोठ्या पुराची बातमी होते, नाल्याची होत नाही. प्रत्यक्षात संकट बहुधा गावालगतच्या नाल्यावर, कठडे नसलेल्या बुटक्या पुलावर, म्हणजे ज्यास आपण रपटा म्हणतो तेथे ओढवते. सायंकाळची वेळ असते. निंदणाहून परतणाऱ्या स्त्रिया, बाजारातून येणारी दुचाकी, शाळकरी मुले, मळ्यातून निघालेली बंडी असे सारे एकाच वेळी काठावर येऊन उभे राहतात. रपट्यावरून पाणी वाहत असते. पलीकडे घर दिसत असते. कोणीतरी पहिला पाऊल टाकतो आणि तो पार झाला की इतरांस धीर येतो. हा धीरच अनर्थास कारण होतो, कारण पहिल्याच्या वेळचे पाणी दुसऱ्याच्या वेळी राहिलेले नसते.

याचे शास्त्र सोपे आहे. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे दिसत नाही. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी धडधाकट माणसाचा तोल घालविते. दोन फूट पाणी मोटारगाडीस तरंगविते आणि एकदा चाके जमिनीवरून सुटली की सुकाणू निरुपयोगी ठरते. वाहनाचे वजन आपणास वाचवील, हा समज चुकीचा आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली माणसेही अशा पाण्यात सुरक्षित नसतात.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, नाल्याचा पूर जसा चटकन चढतो तसा उतरतोही. पुष्कळदा तो काही तासांचाच असतो. ते तास घालविण्याची सोय नसते म्हणून माणूस पाण्यात उतरतो. घरी तान्हे मूल असते, गाय दोहायची असते, सासऱ्याच्या औषधाची वेळ झालेली असते, भ्रमणध्वनी बंद पडलेला असतो, घरचे काळजी करतील ही टोचणी असते. धाडसाच्या हौसेने उतरणारे थोडे. कर्तव्याच्या ओढीने उतरणारे अधिक. म्हणूनच केवळ ‘पाण्यात उतरू नका’ असा फलक लावून हा प्रश्न सुटत नाही.

त्यावर उपाय पावसाळ्यापूर्वीच करावयाचा असतो. प्रत्येक कुटुंबाने नाल्याच्या अलीकडे एक घर ठरवून ठेवावे. ते सोयऱ्यांचे असो, मैत्रिणीचे असो वा ओळखीच्या दुकानदाराचे असो. पाणी आले तर रात्री तेथेच मुक्काम, हे घरातील सर्वांस आधीच ठाऊक असावे, म्हणजे कोणी शोधावयास निघणार नाही. गाय कोण दोहील, वृद्धांस औषध कोण देईल, हे शेजाऱ्याशी आषाढाआधीच बोलून ठेवावे. शाळेतील मुलांस पूर असताना घरी पाठवू नये, असे पालकांनी मुख्याध्यापकांस स्वतः जाऊन सांगावे. भाविकांनीही हे ध्यानी घ्यावे. दर्शन घेऊन निघताना मार्गातील नाल्यास पूर असल्याचे कळल्यास देवस्थानाच्या कार्यालयात विचारणा करावी. सभामंडपात एक रात्र काढावी लागली तर यात्रेत न्यून येत नाही.

धार्मिक कार्यासाठी पाण्याजवळ जाणाऱ्यांनी आणखी एक घटना स्मरणात ठेवावी. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीच्या पात्रात नाव उलटून, दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेल्या आप्तांपैकी ११ जण बुडाले. एका मृत्यूच्या दुःखात सहभागी होण्यास आलेल्या घरावर केवढा आघात झाला असेल, याची कल्पनाही करवत नाही. पावसाळ्यात स्नान, अस्थिविसर्जन वा गणेशविसर्जन काठावरूनच, पाण्याबाहेर उभे राहून करावे. घरी घागरीत आणलेल्या नदीच्या पाण्याने केलेले स्नान शास्त्रास अमान्य नाही.

वीज

मृगाच्या सुमारास आणि पुन्हा परतीच्या पावसाच्या दिवसांत विदर्भातील शेतांत वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. कापूस व सोयाबीनच्या सपाट शेतात धुऱ्यावरचे एखादे कडुनिंब वा बाभूळ हाच एक आडोसा असतो. पाऊस आला की मजूर तेथे जमतात. वीज उंच वस्तूस गाठते, झाडातून उतरते आणि बुंध्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर झेप घेते. जमिनीतूनही तिचा प्रवाह काही अंतर पसरतो. चार पायांतील अंतरामुळे गुरांच्या शरीरातून तो अधिक सहज जातो. झाडाखाली बांधलेली बैलजोडी एकदम कोसळते, ती यामुळे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असे अंतर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्याजवळ पडू शकते, असे समजून पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. येथेही थांबणेच आले. पक्के घर जवळ नसेल तर बंद काचांची मोटारगाडी चालते. दुचाकी, ट्रॅक्टर, तारेचे कुंपण व एकटे झाड टाळावे. काहीच नसेल तर सखल जागी, एकमेकांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजेची सूचना भ्रमणध्वनीवर देते. मजुरांच्या तुकडीत एकाजवळ जरी ते असले तरी पुरे.

देवळाच्या आवारात आपण सुरक्षित आहोत, असे भाविकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिखरावर वीज अटकाव यंत्रणा बसविलेली असली तरी तिचे संरक्षण त्या वास्तूपुरते असते. प्रांगणातील वड-पिंपळाच्या पारावर ते पोहोचते असे मानू नये. गडगडाट सुरू होताच पारावरून उठून सभामंडपात यावे.

विजेविषयी आपल्याकडे काही समजुती रूढ आहेत. पायाळू माणसावर वीज पडते, ही त्यांपैकी एक. जन्मताना पाय आधी आले की डोके, हे विजेस कळण्याचा मार्ग नाही. या समजुतीने पायाळू व्यक्तीस उगाच भीती वाटते आणि इतरांस त्याहून वाईट अशी खोटी निर्धास्तता येते. दुसरी रीत अधिक हानिकारक आहे. वीज लागलेल्या माणसास शेणात वा मातीत पुरून ठेवण्याचा प्रकार काही भागांत घडतो. वस्तुतः अशा माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्यास स्पर्श करण्यात धोका नाही. त्याचे हृदय व श्वास बंद पडले असल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात व भराभर दाब देत राहावे, श्वासही द्यावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. मृतवत् दिसणारा माणूसही या प्रयत्नाने परत येऊ शकतो. पुरून ठेवण्यात नेमकी तीच मिनिटे वाया जातात.

दैव आणि दोष

संकट हा ईश्वरी कोप आहे, मग तयारी कशासाठी, असा प्रश्न श्रद्धाळू मनात येतो. त्यावर मोठ्यांमध्येही मतभेद झाले आहेत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भीषण भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला दंड आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना हे मान्य झाले नाही. निसर्गातील घटनांस नैतिक कारणे चिकटविणे अयोग्य आहे, असा प्रतिवाद त्यांनी केला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मधून छापून आपले उत्तरही दिले. हा वाद मिटला नाही. परंतु साहाय्य पोहोचविण्यात कोणी हात आखडता घेतला नाही. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याचा हिशेब जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होता. गांधीजींच्या परिवाराचा खर्चही मदतनिधीतून देण्यास त्यांनी नकार दिला, असे सांगतात. हेच कुमारप्पा त्याच वर्षाअखेर स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत आले. कोप कोणाचा, हा प्रश्न पंडितांवर सोपवावा. निधी चोख ठेवणे आणि घर सावरणे ही कामे मात्र कोणत्याही मताच्या माणसास करता येतात.

झड आणि भिंत

जिल्ह्यात मातीच्या भिंतींची, कवेलूंची घरे अद्याप पुष्कळ आहेत. अशी भिंत एका सरीने पडत नाही. झड लागली की ती दिवसेंदिवस पाणी पिते, जड होते, पायाशी मऊ पडते आणि एखाद्या रात्री ढासळते. झड उघडून ऊन पडल्यावरही धोका संपत नाही. पायाखालची काळी माती वाळताना आकसते, तडे रुंदावतात आणि आता निर्धास्त झालो असे वाटत असतानाच भिंत बसते. फुगवटा येणे, पोपडे सुटणे, दरवाजा चौकटीत अडकू लागणे या खुणा होत. त्या दिसताच बाजा भिंतीपासून दूर ओढाव्यात व रात्र दुसरीकडे काढावी. पावसाळ्यापूर्वी पन्हाळीचे पाणी पायापासून दोन-तीन हात लांब पडेल अशी नाली काढली, तर हे संकट बहुतांशी टळते. एक फावडे व अर्धा दिवस एवढाच त्याचा खर्च आहे.

भूकंपाच्या दृष्टीने आपला प्रदेश कमी धोक्याचा गणला जातो. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असता, ज्या किल्लारी परिसरात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली, तो परिसरही तेव्हा कमी धोक्याचाच मानला जात होता. भिंत पक्की असणे हे पावसाइतकेच त्या संकटातही उपयोगी पडते.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात. वर्ध्यात वैशाखात पारा ४५ अंशांपुढे जातो. तथापि त्याहून कमी तापमानातही उष्माघात होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील सोहळ्यास जमलेल्या श्रीसदस्यांपैकी १४ जण दगावले. भाविकांनी दुपारी बारा ते चार पायी प्रवास टाळावा. उपवास असला तरी पाणी पीत राहावे. निर्जळी व्रत उन्हाळ्यात चालून करू नये. अंग तापून बरळणाऱ्या माणसास सावलीत नेऊन ओल्या कापडाने गार करावे व त्वरित रुग्णालयात न्यावे. त्या अवस्थेत तोंडात पाणी ओतू नये.

सात दिवसांचे घर

गोकुळवासी सात दिवस थांबू शकले. आपल्या घरात किती दिवस थांबण्याची सोय आहे, हे गृहिणीने ज्येष्ठातच मोजून पाहावे. पीठ-तांदूळ सहसा असतात. संपते ते गॅसचे सिलिंडर, काड्यापेटी, मीठ आणि औषध. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या सात दिवस पुरतील इतक्या शिल्लक असताना नव्या आणाव्यात. फुटाणे, मुरमुरे, गूळ हा न शिजविता खाण्याजोगा शिधा डब्यात असावा. पुरात विहीर गढूळली तर तुरटी फिरवून, गाळून व उकळूनच पाणी प्यावे. जनावरांचे कुटार उंचावर रचावे. पाणी घराकडे चढू लागल्यास गुरांची दावी सोडावीत. बांधलेले जनावर पोहू शकत नाही. घर सोडताना विजेचा मुख्य खटका व सिलिंडर बंद करावे.

ज्या घरी गर्भवती आहे आणि प्रसूतीचे दिवस आषाढ-श्रावणात येतात, तेथे तिला दिवस भरण्यापूर्वीच नाल्याच्या अलीकडे, रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे नेऊन ठेवावे. पूर आलेल्या रात्री खाटेवरून तिला नाला पार करविण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

शिधापत्रिका, आधारपत्र, सातबारा, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवाव्यात. हवामान खात्याचे नागपूर येथील केंद्र विदर्भासाठी इशारे देते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवावे, नारिंगी म्हणजे सज्ज राहावे आणि लाल म्हणजे तत्काळ खबरदारीची कृती करावी. लाल इशाऱ्याच्या दिवशी तीर्थयात्राही पुढे ढकलावी.

साहाय्यासाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस व अन्य तातडीची सेवा ११२ आणि रुग्णवाहिका १०८ हे क्रमांक लहान मुलांसही पाठ असावेत. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाल्यास शासनाच्या निकषांनुसार वारसांस ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. परंतु त्यासाठी पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल आवश्यक असतो. दुःखाच्या भरात ते न करता अंत्यसंस्कार उरकल्यास पुढे विधवेस व मुलांस कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. म्हणून शेजाऱ्यांनी पुढाकार घेऊन तलाठ्यास (आता ग्राम महसूल अधिकारी) व पोलीस पाटलास त्वरित कळवावे. मृत जनावरही छायाचित्र व पंचनामा झाल्यावाचून पुरू नये. पडलेल्या भिंतीची माती उचलण्यापूर्वीही तसेच करावे.